पाचव्या महिन्यातली गाठ

रांजणगावच्या कंपनीत तेजश्री मशीनचे सुटे भाग तपासायची. केसाएवढी चीर तिच्या नजरेतून सुटत नसे. पण पाचव्या महिन्यात डाव्या स्तनात गाठ हाताला लागली, तेव्हा सगळ्यांनी ती दुधाची ठरवली आणि तिनंही मानलं. महिन्याभरात ती लिंबाएवढी झाली. पुण्यात तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला.

सासू ताईबाई भांडगावहून तेजश्रीच्या सणसवाडीच्या खोलीवर आल्या. चपला काढतानाच म्हणाल्या, "पोट खाली कर. तू ऱ्हायलीस तर पोरं परत व्हतील."

याआधी दोनदा तेजश्रीचा गर्भ पडला होता. नवरा विश्वजीत नुसता मोबाईल चाळत बसला.

तिनं पुण्यातल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, "मॅडम, हे बाळामुळं वाढलं का?"

"रोगाशी लढणारी ताकद शरीरात असते. बाळ निम्मं बापाचं, म्हणजे शरीराला परकंच. त्याच्यावर हल्ला होऊ नये म्हणून गरोदरपणात ती ताकद थोडं नमतं घेते. त्याचा फायदा गाठीला होतो का, यावर संशोधन चाललंय. नक्की कुणालाच सांगता येत नाही. पण गर्भ पाडल्यानं गाठ बरी होते असं दिसलेलं नाही. तुम्हाला या महिन्यात केमो देता येईल."

बाळ जगावं म्हणून शरीर गप्प बसलंय, आणि त्याच गप्प बसण्यात कदाचित गाठही वाढतेय. आपल्याच अंगातून उठून जाणार तरी कुठं? बाळानं लाथ मारली की तिला आधी हसू यायचं, लगेच धडकी भरायची.

चौथ्या दिवशी ती सासूला म्हणाली, "आत्या, मी औषध बी घेनार आन् बाळ बी ठेवनार."

ताईबाईंनी पिशवी उचलली. मग तीन महिने त्यांचा फोन नाही.

केमोचे चार डोस झाले. केस गेले, तोंड सोललं. सदतिसाव्या आठवड्यात मुलगी झाली, सव्वादोन किलोची. तेव्हा मात्र ताईबाई आल्या आणि नातीला दुधाची बाटली धरून बसल्या. गाठ आकसली होती, गेली नव्हती. ऑपरेशन आणि पुढची औषधं बाकी होती, म्हणून अंगावर पाजायला मनाई होती.

दूध आटवायच्या गोळ्या चालू होत्या. तरी पलीकडं पोर रडली की तेजश्रीची छाती भरून यायची. ती दोन्ही हात मांडीखाली दाबून, पोर गप्प व्हायची वाट बघत बसायची.