पावणं, उठा आता

"पावणं, उठा आता," असं म्हणूनच तो घाणेरीच्या बुडाशी कुदळ घालायचा. आधी सांगायचं, मग उपटायचं, ही त्याची रीत.

आमच्या पेठ गावात जावयालाही पावणंच म्हणतात. हा पश्चिमेच्या भातपट्ट्यातून आलेला घरजावई. केस पिकले तरी गावाचा तो पावणंच. घाणेरीही मूळची परदेशातली. त्यामुळे एक पाहुणा दुसऱ्या पाहुण्याला हाकलतोय, हा चहाच्या टपरीवरचा आमचा ठरलेला विनोद.

महामार्ग आणि आमचं प्लॉटिंग यांच्यामध्ये, मंगल कार्यालयाच्या मागे, देवराईचा एक तुकडा उरलाय. घाणेरीने तो असा गिळला होता, की आतल्या देवीला नवस बोलायचा तरी कोयता लागे. खाली एक रोपटं धरत नव्हतं. जुनी झाडं पडली की राई संपली, ही त्याची धास्ती. आम्हाला तिथे पार्किंग दिसत होतं.

एकदा तो आमच्याकडे चहाला आला. हिने नर्सरीतून हौसेने गुलाबी-पिवळ्या फुलांची कुंडी आणलेली. त्याने पान चुरगळून हुंगलं. "वहिनी, ही घाणेरीच हाय. नुस्ती कापडं बदलून आलीया." दुसऱ्या दिवशी कुंडी रिकामी. हिने त्याचा चहा बंद केला. तो मात्र रोज दाराशी येऊन म्हणायचा, "वहिनी, साखर कमी आसली तरी चालंल."

मग एका पुढाऱ्याने वाजतगाजत राईत गिरिपुष्पाचं रोप लावलं. सकाळी खड्डा मोकळा. सरपंच टपरीवरच तापले.

"मोठ्या मान्सासंगं आलं म्हून काय झालं? त्ये बी बाहेरचंच," तो म्हणाला.

"मंग तुमी कोण, पावणं?"

सगळे हसले. तो कुदळीची माती अंगठ्याने काढत राहिला. "मी बी बाहेरचाच. पर मी कुनाची जागा खाल्ली न्हाई." चहाचे पैसे त्या दिवशी सरपंचांनी दिले.

गेल्या थंडीत तो गेला. एवढ्या चिवट माणसाने असं गुपचूप जावं, याचा मला अजून राग येतो.

राईत आता करंजाची, आपट्याची रोपं गुडघ्याएवढी झालीत. घाणेरीही परत आलीय, ती कसली ऐकते. परवा आम्ही काही जण कुदळी घेऊन गेलो. सरपंचांनी पहिली कुदळ उचलली, रीतीप्रमाणे बोलायला तोंड उघडलं आणि तसेच थांबले. "पावणं" काही त्यांच्या तोंडून निघेना.

शेवटी घसा खाकरून म्हणाले, "ए बाई, ऊठ आता."