ठिपका हालंना

जगात काळजी करणारी माणसं पुष्कळ असतील, पण काळजी नकाशावर मांडून करणारे एकटे आमचे पिंपळवंडीचे दाजी. बिबट्यांचा अभ्यास करायला आलेल्या संशोधकांना उसातून वाट दाखवत ते महिनाभर हिंडले. पायाचा ठसा दिसला की ते लोक तिथली जागा यंत्रात टिपून घ्यायचे. शेवटी त्यांनी दाजींना नकाशा दाखवला. गोवर आल्यासारखे लाल ठिपके, आणि त्यातला एक दाजींच्याच बांधावर! त्या दिवसापासून घरातलं प्रत्येक माणूस त्यांच्या मोबाइलमधल्या नकाशावर निळा ठिपका होऊन राहिलं. पुण्यात राहणाऱ्या मलाही, म्हणजे त्यांच्या मेव्हण्याला, सुटका नव्हती. चाकणच्या कोंडीत गाडी दहा मिनिटं थांबली की फोन यायचाच: "पावणं, ठिपका हालंना. बरं हाय ना?" भीमाशंकरला माझी रेंज गेली, तेव्हा तर ओळखीच्या हारवाल्याला फोन करून त्यांनी मला दर्शनाच्या रांगेत हुडकायला लावलं. मी जाम चिडलो होतो.

सगळ्यात कडक पहारा अर्थात माझ्या बहिणीवर, आक्कावर. मागच्या दिवाळीत मी तिथेच होतो. आक्का खुरपायला गेलेली, आणि दुपारी दाजींचा चेहरा एकदम उतरला. तिचा ठिपका तासभर उसाच्या कडेला जागचा हलला नव्हता. त्यांनी सात फोन केले, एकही उचलला नाही. दाजी काठी घेऊन अनवाणीच धावले, मागे मी. खोटं कशाला बोलू, चपला घालायला मीही थांबलो नव्हतो.

आक्का लांबच्या वाफ्यात निवांत खुरपत होती. फोन पिशवीत घालून बाभळीला टांगलेला, त्यावर गाणी चालू. उसाकडेला काम करताना इकडच्या बायका अशी मोठ्यानं गाणी लावून ठेवतात. माणसांची चाहूल लागली की बिबट्या लांब राहतो म्हणे. फोनची घंटी मात्र दाजींना कंटाळून तिनं कधीच बंद केली होती.

"आवो, तुमी फोन केला की गाणं बंद पडतंय!" आक्का कडाडली. "सात डाव रान चिडीचूप केलंत. मला वाटलं रेंजच न्हाई. जनावर आलं असतं तर?"

दाजींनी हातातली काठी बांधावर टाकली. "म्हंजी आमीच बिबट्याला रान मोकळं करून देत हुतो!"

आता ते मोबाइल घरी ठेवून आक्काबरोबर शेतात जातात. बांधावर बसून उसाकडे तोंड करून पाऊस, भावकी, टोमॅटो, काहीही मोठमोठ्यानं बोलत राहतात. घसा बसला तरी थांबत नाहीत.

गेल्या आठवड्यात मी चाकणला दोन तास अडकलो. फोन आला नाही. ज्या फोनला वैतागायचो, त्याचीच वाट बघत बसलो. शेवटी मीच लावला, कोणी उचलला नाही. घरातल्या कोनाड्यात तो वाजत असेल, आणि त्यावर माझा ठिपका, बघायला कोणी नसताना, जागच्या जागी उभा असेल.