ताईचा मुराळी

आमच्या घरात भाऊ नव्हता. आम्हां दोघी बहिणींना ही गोष्ट कधी खटकली नाही, पण ठाण्यातल्या आमच्या आळीला मात्र फार खटके. भाऊबीज आली की शेजारणी दारात येऊन "बिचाऱ्या गं" म्हणून जात. त्या शब्दानं माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी आणि स्वभावानं थंड. ती नुसती हसायची.

ज्यांना भाऊ नाही त्यांनी चंद्राला ओवाळायचं, अशी रीत. बीजेचा चंद्र म्हणजे नखाएवढा, दिवेलागणीला दिसतो न दिसतो तोच मावळतो. एका वर्षी आम्ही तबक घेऊन तळ्याच्या काठी उभ्या राहिलो, तर नेमकं आभाळ भरलेलं. वाऱ्यानं निरांजन सारखं विझायचं. शेवटी ताई म्हणाली, "हा काही यायचा नाही. चल घरी, तूच बस पाटावर."

मी बसले. पण ओवाळून घेताना भावाच्या डोक्यावर टोपी हवी, म्हणून खुंटीवरची बाबांची काळी टोपी चढवली. ती थेट डोळ्यांवर आली. ताईनं दोन बोटांनी ती सरळ केली, कुंकू लावलं आणि ओवाळलं. ओवाळणी म्हणून मी तबकात मूठभर चिंचोके टाकले. बाबा दारातून बघत होते. आता रागावणार असं वाटलं, तर म्हणाले, "टोपी तुझीच आता. मी दुसरी घेईन." त्यानंतर आम्ही चंद्राची वाट पाहिली नाही.

ताईला कल्याणला दिली. भरलेलं घर, माणसं चांगली, पण सासूबाई रीतीच्या भारी कडक. सासुरवाशिणीला माहेरी न्यायला माहेरचा पुरुष येतो, त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आल्याशिवाय सून उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही, हा त्यांचा कायदा. पहिल्या वर्षी बाबा जाऊन तिला आणत. मग त्यांचा दमा बळावला आणि जिना उतरणंही बंद झालं. चुलतभाऊ सगळे कोकणात. बाबा रोज विचारत, "थोरली कधी येणार गं?" आईनं दोनदा निरोप धाडला. दोन्ही वेळा उत्तर एकच, मुराळी पाठवा. मेहुणे भला माणूस, पण स्वतःच्या आईपुढे त्यांच्या तोंडातून शब्द फुटत नसे.

त्या दिवाळीत बाबांना बोलतानाही धाप लागू लागली. भाऊबीजेच्या सकाळी मी लुगड्याची घडी आणि फराळाचा डबा पिशवीत भरला. मी तेव्हा मॅट्रिकला होते. "मी आणते ताईला," म्हटलं. आई नको नको म्हणत राहिली. बाबा मात्र उठले, खुंटीवरची माझी टोपी काढून स्वतः माझ्या पिशवीत ठेवली आणि धापा टाकत परत बसले.

कल्याणला टांग्यातून उतरले तेव्हा पाट मांडलेले होते. सासूबाईंचे उतारवयातले धाकटे भाऊ, सगळे त्यांना मामा म्हणत, ओवाळून घ्यायला टोपी घालून तयार बसले होते. ताई स्वयंपाकघरात सगळ्यांच्या भावांसाठी पुऱ्या तळत होती. मला बघताच तिच्या हातातला झारा तसाच राहिला.

"एकटीच आलीस? बरोबर कोण?" सासूबाईंनी विचारलं.

"कोणी नाही, काकू. मीच मुराळी. ताईला न्यायला आलेय."

"अगं, पोरीच्या भरवशावर पोर पाठवू? लोक काय म्हणतील?"

"लोकांचं राहू द्या. बाबा दारात डोळे लावून बसलेत." माझा आवाज चढला, तो मी खाली आणला नाही. "दर भाऊबीजेला ताई मलाच ओवाळते. आजही ओवाळेल, आणि मग मी तिला घेऊन जाईन."

सासूबाईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "उघड्या डोक्यानं भावाला ओवाळत नाहीत आमच्यात."

हेच त्यांचं चुकलं. मी पिशवीत हात घातला, टोपी काढली, डोक्यावर चढवली आणि मामांच्या शेजारच्या पाटावर मांडी घालून बसले.

मामा असे हसले की त्यांना ठसका लागला. "अक्का, पाट झाला, टोपी झाली. आता काय मिशी मागतेस?"

ताई पदराला हात पुशीत बाहेर आली. घरात एरवी वर मान न करणारी माझी ताई कोणालाही न विचारता तबक घेऊन माझ्यासमोर बसली आणि तिनं मला ओवाळलं. तिचे डोळे भरले होते, पण हात स्थिर होता. मी लुगडं तबकात ठेवलं. सासूबाईंनी लुगड्याचा पोत बोटांनी चाचपला. मग म्हणाल्या, "जेवून निघा. उन्हं उतरायच्या आत घरी पोचलं पाहिजे. आणि वडिलांसाठी अनारसे ने."

ठाण्याला आमचा जिना मी टोपी घालूनच चढले. शेजारणी दारात होत्या. आता म्हणा म्हणावं, 'बिचाऱ्या गं'! बाबांनी ताईला जवळ घेतलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "मुराळ्यानं काही खाल्लं का?" इतका आनंद मला पुढे मॅट्रिक पास झाल्यावरही झाला नाही.

मग हा पायंडाच पडला. ताईच्या बाळंतपणाला, हळदीकुंकवाला, पुढे बाबा गेले तेव्हाही, तिला आणायला मीच गेले. मला नोकरी लागली तरी भाऊबीजेची कल्याणची खेप चुकली नाही.

मामा वारले त्या वर्षी मी जरा बिचकतच गेले. घर गप्प होतं. पाट मात्र मांडलेला होता, एकच. मी बसले, ताई तबक घेऊन आली, तेवढ्यात सासूबाई भिंतीला धरून उठल्या.

"टोपी आणलीस ना गं?" त्या म्हणाल्या. "आधी मला ओवाळू दे."

ताईनं तबक त्यांच्या हातात दिलं आणि दोन बोटांनी माझी टोपी सरळ केली.