खोताने उत्तर कोणाला दिलं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चूल सारवली. मी शेण कालवून दिलं, तिने हात फिरवला. आम्ही नवराबायको आंब्याच्या बागा राखायचो. मोहोर आला की मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, राहायला जायचं, आंबा उतरला की निघायचं. निघताना चूल सारवायची, हा आमच्या लोकांचा रिवाज. तशीच टाकून गेला तो भांडून गेला, नाहीतर त्याला उचलून नेला, असं समजायचं.

पावसात ती तापाने गेली.

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. मराठी दुसरी शिकलेला माणूस... घडलं तेवढं लिहितो.

नवा मालक धरताना मी गप्प बसायचो, विचारायची ती. आदला गडी का गेला? झाडावरनं पडला तर वैद्य कोण आणणार? वर मला टोमणा — "जल्लं तुमचं तोंड! विचारायला काय दात दुखतात?"

यंदा मोहोर आल्यावर राजापूरकडच्या एका खोताकडे एकटाच गेलो. भाच्याच्या पडवीत पडून होतो, त्याने निघा म्हणून सांगितलेलं. काम नाही तर डोक्यावर छप्पर नाही. भर दुपारी खोताच्या खळ्यात, अंगणात, बसलो. खोत ओटीवर पान लावत होता.

"राहायला मांगर, वर दोन वेळचे तांदूळ. बोल."

मी हो म्हणणार, तोच तो माझ्या मागे बघून बोलायला लागला.

"आदला ना? गेला आपणहून." मग जरा थांबून, "हां, पडला झाडावरनं! वैद्याला आणायला मी जाऊ काय राजापुरात?" मग माझ्यावर खेकसला, "म्हाताऱ्या, तुझी बायको भारी विचारते रे! तू काय मुका?"

मागे वळलो. तुळस, आणि एक कोंबडी.

"खोत, माझी बायको पावसात वारली."

"मग ही तुळशीजवळ कोण उभी—"

पानाचं तबक तसंच टाकून आत गेला. आतनंच ओरडला, "पाहिजे तर उद्या ये!"

भाचा म्हणतो, खोत प्यालेला असेल. असेलही. पण तेच प्रश्न, त्याच क्रमाने... मला उलगडा नाही. कोणाला असला तर सांगा.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोताच्या मांगरात गेलो. चूल सारवलेली नव्हती. वर मडकं, त्यात भात वाळून दगड झालेला. मडकं घासलं. शेण आणून चूल सारवली — पहिल्यांदाच माझ्या हाताने, नीट जमली नाही. मग मडकं काखेत मारलं आणि त्या आदल्या गड्याचं घर विचारत निघालो.