मेलं न्हाई, निजलंय

बंद पडलेली कुठलीही वस्तू समोर आली की काका आधी तिला हाताची मागची बाजू लावून पाहत, तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात तशी. मग म्हणत, "मेलं न्हाई, निजलंय."

केडगावात आमच्या वरच्या मजल्यावर ते एकटेच राहत. भिंगारला लष्कराच्या कामावर वायरमन म्हणून सारी नोकरी झालेली. तुमच्याही इमारतीत असे एखादे काका असतील, मिक्सर बिघडला म्हटलं की चप्पल न घालताच जिना उतरणारे.

मी शिक्षिका. नोकरी सुटून दीड वर्ष झालं होतं, तरी ते मला बाईच म्हणत. अशात एका शाळेनं ऑनलाइन मुलाखत ठेवली, सकाळी अकराला. शिकवून दाखवायचा धडा लॅपटॉपमध्ये होता, आणि लॅपटॉप महिनाभर कपाटात. नऊला उघडला तर स्क्रीन काळी. त्याचा चार्जर पुण्याला बहिणीकडे राहिलेला. मोबाईलच्या चार्जरची पिन बसत होती म्हणून तीच लावली आणि बटण दाबत सुटले. काही नाही.

रडवेली होऊन काकांना बोलावलं. त्यांनी हात लावला, नेहमीचं वाक्य म्हटलं आणि माझ्याकडे पाहिलं. "आधी बटन सोडा, बाई. पोटात कायबी नसताना उठवताय त्याला. आन ह्यो चार्जर फोनचा. पिन तीच, पर ताकद पुरत न्हाई."

समोरच्या घरातल्या कॉलेजच्या मुलीकडून त्यांनी तिच्या लॅपटॉपचा चार्जर आणला. जाड वायर. डावीकडे लावली. दहा मिनिटं झाली, काहीच नाही. मग उजवीकडच्या खाचेत लावली. बारीक नारिंगी दिवा लागला.

"ह्याच तोंडानं खातंय. आता अर्धा तास हात लावू नका."

मला बसवेना. तेव्हा खुर्ची ओढून तेच समोर बसले. "तवर मी घेतो मुलाखत. तुमाला शिकवायचंच कशापायी?"

मी पाठ केलेलं उत्तर सुरू केलं.

"हे कागदावरचं झालं. खरं सांगा."

मग सांगितलं. अडलेलं गणित सुटतं तेव्हा पोराचा चेहरा कसा होतो, तो मला परत बघायचाय.

त्यांनी काळ्या स्क्रीनकडे बोट केलं. "हेच बोला तिथं."

साडेदहाला म्हणाले, "दाबा आता." स्क्रीन उजळली. मला हसू आणि रडू एकदमच आलं. वायर तशीच ठेवून मुलाखत दिली. काका जिन्यात उभे राहून भाजीच्या टेम्पोवाल्याला दटावत होते, "भोंगा बंद कर की! आमची परीक्षा चाललीय."

नोकरी लागली.

दोन वर्षांनी काकांचा मुलगा त्यांना कायमचं नाशिकला न्यायला आला. त्या सकाळी घाईत माझं भेटायचं राहिलं. शाळा सुटल्यावर फाटकापाशी शिपाई म्हणाला, "मॅडम, दुपारी एक आजोबा आले होते. तुमच्या खिडकीबाहेर उभे होते. बोलावू का म्हटलं, तर नको म्हणाले. 'बाईंचा आवाज पार मागच्या बाकापर्यंत येतोय' म्हणाले, आणि गाडीत जाऊन बसले."