बिनविरोध

ब्रिस्टलच्या ज्या लायब्ररीत मी काम करते, तिथं एक मराठी काका रोज सकाळी येऊन जुन्या पेपरांच्या मायक्रोफिल्मपाशी बसायचे. रिटायर्ड डॉक्टर. नाव त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पुढचं पान आणायला मशीनचं चाक फिरवायचं असतं, तरी ते आधी बोट जिभेला लावायचे.

महिनाभर ते एकच बातमी वाचत होते. इंग्रजांच्या कुठल्याशा वसाहतीतली पोटनिवडणूक. तेव्हा नियमच होता की कायदेमंडळाचा सभासद मंत्री झाला की त्याची जागा रिकामी व्हायची आणि त्याला मतदारांकडे परत जावं लागायचं.

"काका, एवढं काय आहे त्यात?" मी एकदा विचारलं.

"मोठं पद मिळालं तर आधी घरच्यांना विचारून ये, असं झालं हे," ते स्क्रीनकडे बघतच म्हणाले. "मला इथं पोस्ट मिळाली तेव्हा आमची ही पुण्यात कॉलेजात शिकवत होती. मी फक्त तिकिटं काढल्याचं सांगितलं. ती काही बोलली नाही. इथं मग चाळीस वर्षं खिडकीपाशी बसून काढली तिनं. मार्चमध्ये गेली."

मी बातमीचा शेवट वाचला. विरोधात कुणी उभंच राहिलं नव्हतं. मंत्री बिनविरोध निवडून आला होता.

"मीपण तसंच धरून चाललो," काका म्हणाले. "आता विचारायला कुणाकडे जाऊ?"

मला त्यांचा राग आला होता. पण मी काही बोलले नाही. तेही त्यांनी बिनविरोधच धरलं असणार.