चूळ न भरता

आपण थुंकी गोळा करतो हे कनकानं नातेवाइकांत कधी सांगितलं नाही. 'लॅबमध्ये आहे' एवढंच ती म्हणे, आणि लोकही बिचारे पुढं विचारत नसत. नवरा कृष्णाजी मात्र सोडायचा नाही. ओरगडमच्या कारखान्यात स्टोअर सांभाळून कितीही दमून आला तरी दारातूनच विचारी, "काय बाईसाहेब, आज किती जणांचं एच्चल आणलंत?"

एच्चल म्हणजे उष्टं. तंजावरहून मद्रासला आलेल्या या मराठी घरांत शब्द तमिळ झाला होता, पण विटाळ जुनाच राहिला होता. पाणी प्यायचं ते पेला ओठांना न लावता, वरून. अशा घरात वाढलेल्या बाईच्या नशिबी रोज सकाळी नऊ वाजता परक्या माणसांच्या तोंडाखाली नळी धरणं आलं. दैव तरी किती थट्टेखोर असावं! वेस्ट मांबलमच्या दोन खोल्यांत परतल्यावर डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय ती गॅसला हात लावत नसे. अडीच वर्षं हे चाललं होतं, आणि किळस कमी झाली नव्हती. फक्त थकवा वाढला होता.

काम डॉक्टर निधीचं. नाशिकची ही मुलगी कॅन्सरच्या हॉस्पिटलात संशोधन करायला आलेली. तोंडाच्या कॅन्सरला किरणं देतात, त्याला तिकडं सगळे 'करंट' म्हणत. करंट सुरू झाला की काहींचं तोंड आतून सोलून निघतं, काहींचं थोडक्यात निभावतं. कोणाचं काय होणार ते थुंकीतल्या काही प्रथिनांवरून आधीच ओळखता यावं, असा निधीचा प्रयत्न होता. "अजून सिद्ध काही नाही हं, कनकाताई," ती वरचेवर सांगे. पण ज्याचा आकडा चढा दिसे त्याच्यामागं ती आहारवाल्या बाईंना लावून देई. बाकीच्यांकडं बघायला वेळ कोणाला होता?

नियम सोपे होते. तासभर आधी खाणं नाही, पिणं नाही, चूळ नाही. मान खाली घालून पाच मिनिटं बसायचं आणि तोंडात जमेल ते नळीत सोडायचं. कनकानं विचारायचं, फॉर्मवरच्या चौकोनात खूण करायची आणि नळी बर्फात ठेवायची.

दोन हजार आठच्या ऑगस्टात वेंकोबाराव आले. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले, तांबरमला एकटे राहणारे, स्वतःचं सार-भात स्वतः करणारे विधुर. जिभेच्या कडेला गाठ होती. तेहतीस दिवस करंट घ्यायचा होता, आणि मधे खाडा चालणार नव्हता. खाडा पडला तर गाठ पुन्हा डोकं वर काढते, हे डॉक्टरांनी त्यांना तीनदा बजावलं होतं. कनका आपल्यातलीच आहे हे बोलण्यावरून कळलं, तेव्हा म्हातारा हरखून गेला. "अय्यो, आमची मराठी ऐकून किती दिवस झाले, अम्मा!"

पहिल्या सोमवारी ते नळाकडून आले तेव्हा त्यांच्या मिशा ओल्या होत्या. दुसऱ्या सोमवारीही ओल्या. तोंडाला वेलदोड्याचा वास. कनकाला कळलं नाही असं नाही. आपल्यातल्या बाईच्या हातात घाण तोंडाचं एच्चल कसं द्यायचं, म्हणून हा सोवळा माणूस खळखळून चूळ भरून येत होता. आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. अडीच वर्षांत तिचा एवढा मान कोणी ठेवला होता? शिवाय पुन्हा तासभर थांबवा, पुन्हा बसवा... तिला कंटाळा आला. दोन्ही वेळा तिनं 'चूळ नाही' या चौकोनात खूण केली.

थुंकीत नळाचं पाणी, मग आकडा कुठून चढणार? निधीच्या यादीत वेंकोबारावांपुढं लिहिलं गेलं : 'धोका कमी.' आहारवाल्या बाई त्यांच्याकडं फिरकल्या नाहीत.

तिसऱ्या सोमवारी ते जिना चढून आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. विजारीचा पट्टा नव्या भोकात खोचलेला. हे भोक खिळ्यानं पाडलेलं होतं.

"मामा, जेवता ना?"

"दोन चमचे कंजी, भाताची पेज," ते ओठ न हलवता म्हणाले. "तेवढीही जळत जाते. उद्यापासून आठवडाभर येत नाही म्हणतो. थोडं बरं वाटलं की पुन्हा सुरू करू."

कनकाला आपल्या त्या दोन खुणा आठवल्या. खाडा! आपण अंग चोरलं आणि भोगतोय हा. गप्प राहिलं तर कोणाला कळणार नव्हतं. डिसेंबरात नोकरीची मुदत वाढायची होती, हेही तिच्या मनात आलं. नाही कशाला म्हणा? पण त्या खिळ्यानं पाडलेल्या भोकावरून तिची नजर हलेना. ती तशीच निधीच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून मोकळी झाली.

निधीनं फॉर्मांचा गठ्ठा पुढं ओढला. मग म्हणाली, "आणखी किती जणांच्या खुणा अशा आहेत?"

"एवढ्याच. देवाशपथ."

"मी कसं मानू, कनकाताई?"

निधी उठली, तिनं म्हाताऱ्याचं तोंड उघडून बॅटरी मारली आणि नाकातून अन्नाची नळी घालायला लगेच माणूस बोलावला. "त्याआधी मला खरा नमुना हवा," ती म्हणाली. "तासभर थांबवा, आणि नळाजवळ जाऊ देऊ नका."

तास भरला तरी वेंकोबाराव ऐकेनात. "असलं घट्ट, घाण एच्चल, आणि तुमच्या हातात? आईनं असं नाही शिकवलं हो."

तेव्हा मात्र कनकाचा पारा चढला. "मामा, मला किळस येते. रोज येते! घरी जाऊन डोक्यावरून पाणी घेते मी. पण ती माझी किळस आहे, तिचं काय करायचं ते मी बघीन. माझी अब्रू राखायला जाऊन तुम्ही उपाशी मरू नका! काय तोंडात असेल ते द्या."

म्हातारा दचकला. मग मुकाट्यानं मान खाली घालून बसला. धागे धरलेली, रक्ताची छटा असलेली थुंकी नळीत उतरली. तिचा आकडा यादीत सगळ्यांत वर गेला.

नाकातल्या नळीतून पेज जाऊ लागली आणि तेहतीस दिवस एकही खाडा न पडता पुरे झाले. कनकाला लेखी खुलासा द्यावा लागला. नोकरी राहिली, पण त्यानंतर रोज नऊ वाजता निधी स्वतः येऊन शेजारी उभी राहू लागली. ते कनकाला फार लागलं. पण बोलणार कोणत्या तोंडानं?

करंट संपून दोन महिने झाल्यावर वेंकोबाराव शेवटच्या नमुन्याला आले. नाकातली नळी निघाली होती. गाठ दिसत नव्हती. हातात मात्र पाण्याची बाटली होती. तोंड ओलं राहत नाही म्हणून दर दोन वाक्यांना घोट घ्यावा लागे.

"आज तासभर थेंब घेतलेला नाही, अम्मा," ते अभिमानानं म्हणाले. जीभ टाळूला चिकटून शब्द तुटत होते.

ते मान खाली घालून बसले. कनकानं नळी धरली. एक मिनिट गेलं, दोन गेली. करंटनं गाठीबरोबर थुंकी पाझरणाऱ्या ग्रंथीही जाळल्या होत्या. म्हातारा गाल आत ओढत होता, जीभ फिरवत होता. इतकी वर्षं ज्या गोष्टीची तिला शिसारी येत होती, तिचा एक थेंब पडावा म्हणून कनका मनातल्या मनात देवाला आळवत होती. पाचवं मिनिट संपलं.

"द्यायला काही उरलं नाही हो," वेंकोबाराव म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. "होतं तेव्हा नळाखाली सोडून येत होतो."

निधी बाजूला उभी होती. कनकानं फॉर्म ओढला आणि चौकोनात स्वच्छ अक्षरात लिहिलं : शून्य. मग बाटलीचं बूच काढून ती त्यांच्या हातात दिली. वरून प्यायला त्यांचा हात स्थिर राहीना, तेव्हा तिनंच ती त्यांच्या ओठांना लावून धरली.